स्वतः मोठं न खेळलेला माणूस चांगला कोच होऊ शकतो का? स्कॉटलंडच्या फुटबॉलच्या खालच्या लीगबद्दल कुणाला माहिती आहे?

मिरजेचा_गोलकीपर

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक होईल पण नीट वाचा आणि मनापासून सांगा.

माझं वय ३३. कुपवाड एमआयडीसीत फिटर आहे, शिफ्ट ड्युटी. १३ वर्षं गोलकीपर म्हणून खेळलो, बहुतेक सगळं सांगली-मिरजेतच, मधे दोन सीझन कोल्हापुरात एका टीमकडं होतो पण तिथं दुसरा कीपर म्हणून, म्हणजे किट घालून बसायचं, वॉर्मअपला पहिल्या कीपरला शॉट मारून द्यायचे आणि मॅच बेंचवरनं बघायची. दोन वर्षांमागं गुडघ्याचं लिगामेंट गेलं, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले चाल, हळू पळ, पण डाइव्ह मारणं विसर. तेव्हापासनं मैदानाकडं फिरकलोच नव्हतो, खरं सांगायचं तर तिकडच्या रस्त्यानं जायचंच टाळत होतो.

आता आमच्या भागातली १९ पोरं आहेत, १४ पासनं २१ वयापर्यंतची. कोण गॅरेजला, कोण हळदीच्या अडतीवर, कोण कॉलेज-शाळेत. मागच्या महिन्यात ती घरी आली, म्हणाली दादा टीम तुम्ही घ्या, आम्हाला शिकवणारं कोण नाही. मला लय बरं वाटलं, हो म्हणून टाकलं. आणि दुसऱ्याच दिवशी चहाच्या गाड्यावर एक ओळखीचा माणूस सगळ्यांसमोर म्हणाला की जो स्वतः आयुष्यभर बेंचवर बसला तो पोरांना काय शिकवणार. मी काही बोललो नाही, पण ते डोक्यातनं जात नाही.

परवा नाइट शिफ्टवरनं आल्यावर झोप येईना म्हणून मोबाइल बघत होतो तर स्कॉटलंडच्या एका टीमचा व्हिडिओ लागला, आर्ब्रोथ नाव. समुद्राच्या अगदी कडेला मैदान, टीममधली पोरं दिवसा नोकरी करणारी, आणि मॅनेजर टोपी घातलेला एक वयस्कर माणूस, तो स्वतः पण कधी फार मोठा खेळाडू नव्हता म्हणे. तिथनं प्रश्न डोक्यात आला. असे मॅनेजर तिकडं खरंच असतात का, खालच्या लीगमध्ये खेळून पुढं मॅनेजर झालेले? ते नेमकं कसं करतात? आणि आपल्याला त्यातलं काही घेता येईल का?

कराड_ते_अॅबर्डीन

भावा, तू बघितलास तो माणूस डिक कॅम्पबेल. मी तेलाच्या कामावर साडेचार वर्षं अॅबर्डीनला होतो, तिथनं आर्ब्रोथ ट्रेननं तासाभरावर, समुद्राच्या कडेकडेनं गाडी जाते. शनिवारी सुट्टी असली की मी जायचो, कारण अॅबर्डीनचं तिकीट महाग आणि तिथं लांबनं बघावं लागतं, इथं कठड्याला टेकून उभा राहिलो की कोच पोरांना काय बोलतोय ते कानावर यायचं. गेफील्ड पार्क त्या मैदानाचं नाव. भिंतीच्या पलीकडं थेट नॉर्थ सी, वारं सुटलं आणि भरती असली की पाण्याचे तुषार आत येतात. गोलकीपरनं मारलेली किक अर्ध्यातनं परत येताना मी माझ्या डोळ्यांनी बघितली आहे. हातात गरम पाई, म्हणजे खिमा भरलेली पेस्ट्री, आणि बोव्हरिल या मांसाच्या सूपसारख्या गरम पेयाचा कप, आणि तरी बोटं बधिर.

आता सिस्टिम सांगतो. वर प्रीमियरशिप १२ टीमची, तिच्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन, लीग टू, प्रत्येकी १० टीम. सगळ्या मिळून ४२. खालच्या दोन लीगमधली बरीच पोरं पार्टटाइम असतात. दिवसा कोण प्लंबर, कोण मास्तर, कोण इलेक्ट्रिशियन, आणि आठवड्यात दोन संध्याकाळी प्रॅक्टिस, शनिवारी मॅच. मॅनेजर पण बऱ्याचदा असलाच, त्याच लीगमध्ये दहा-पंधरा वर्षं चिखलात खेळलेला, त्यामुळं कामावरनं थकून आलेल्या पोराला किती ताणायचं ते त्याला न सांगता कळतं. माझ्या मते हीच खरी गोष्ट आहे, बाकी टॅक्टिक्स वगैरे नंतर.

कॅम्पबेल डनफर्मलिनकडचा, १९५३ चा जन्म. खेळाडू म्हणून सगळं आयुष्य खालच्याच टीममध्ये गेलं. मॅनेजर म्हणून डनफर्मलिन, ब्रेकिन, पार्टिक थिसल, रॉस काउंटी, फोरफार असं फिरत फिरत २०१६ ला आर्ब्रोथला आला तेव्हा ती टीम एकदम तळातल्या लीगला होती. असिस्टंट कोण तर त्याचा जुळा भाऊ इयन, दोघं बेंचवर शेजारी उभे राहिले की कोण कुठला कळत नाही. २०१७ ला लीग टू जिंकली, २०१९ ला लीग वन जिंकली, आणि २०२१-२२ ला ही नोकरी करणाऱ्या पोरांची टीम चॅम्पियनशिपमध्ये किल्मार्नॉकच्या बरोबरीनं पळत होती. आजूबाजूला बहुतेक सगळ्या टीम फुलटाइम, किल्मार्नॉकचा खर्च तर आर्ब्रोथच्या कितीतरी पट.

२२ एप्रिल २०२२, शुक्रवार रात्र, किल्मार्नॉकच्या मैदानावर मॅच. आर्ब्रोथ पुढं होतं. शेवटच्या दहा मिनिटांत दोन गोल खाल्ले, २-१ हरले आणि किल्मार्नॉक तिथंच चॅम्पियन झालं. सीझन संपताना फरक फक्त दोन पॉइंटचा. मग वर चढण्याच्या प्लेऑफमध्ये इनव्हर्नेसशी दोन्ही मॅच गोलशून्य आणि पेनल्टीवर बाहेर. मी त्या वेळी कराडला परत आलेलो, रात्री जागून मोबाइलवर बघत होतो. आई उठून आली, काय झालं रे म्हणून. काय सांगणार तिला, आर्ब्रोथ हरलं म्हणून.

आणि तू गोलकीपर आहेस म्हणून एक जुनी गोष्ट. याच आर्ब्रोथनं १२ सप्टेंबर १८८५ ला बॉन अकॉर्ड नावाच्या टीमला ३६-० नं हरवलं होतं, आजपण तो आकडा रेकॉर्ड बुकात आहे. त्या दिवशी आर्ब्रोथच्या कीपरला काही कामच नव्हतं, पाऊस होता म्हणून तो एका प्रेक्षकाच्या छत्रीत उभा राहिला म्हणे.

शाहू_स्टेडियम_गॅलरी

कॅम्पबेलचं बरोबर सांगितलं वरच्यांनी, पण प्रश्न विचारणारा गोलकीपर आहे, तर त्यानं जॉक वॉलेस हे नाव पाठ करून ठेवावं. मी कोल्हापूरचा, चाळीस वर्षं गॅलरीत बसून फुटबॉल बघतोय, जुन्या मासिकांतनं आणि आता नेटवरनं या माणसाबद्दल मिळेल ते वाचलंय, म्हणून मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कंटाळू नका.

वॉलेस १९३५ चा, एडिनबर्गजवळच्या वॉलिफर्ड नावाच्या खाणकामगारांच्या गावचा. बाप पण गोलकीपर होता. पोरगं लष्करात गेलं, मलायाच्या जंगलात लढून आलं. मग गोलकीपर म्हणून कुठं कुठं खेळला बघा, वर्किंग्टन, बेरिक, एअर्ड्री, मधे वेस्ट ब्रॉम ही मोठी टीम मिळाली, तिथनं परत खाली, बेडफर्ड, हेरफर्ड, आणि पुन्हा बेरिक. एकाच सीझनमध्ये इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंड तिन्हीकडच्या कपमध्ये खेळलेला माणूस. स्कॉटलंडकडनं एक मॅच नाही. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर गावोगाव ट्रॉफीला पाहुणा खेळाडू म्हणून फिरणारा कीपर.

आता बेरिक म्हणजे काय. हे गाव आहे इंग्लंडमध्ये, पण टीम खेळते स्कॉटलंडच्या लीगमध्ये, बॉर्डर तिथनं दोन-चार किलोमीटरवर. तुमच्या मिरजेहून पलीकडं कागवाड, तसं. वॉलेस तिथं प्लेअर-मॅनेजर होता, म्हणजे टीम तोच निवडणार, ओरडणार तोच आणि गोलमध्ये पण तोच उभा राहणार. २८ जानेवारी १९६७, स्कॉटिश कपचा पहिला राउंड, समोर ग्लासगोची मोठी टीम रेंजर्स. रेंजर्स म्हणजे त्या वेळी कप जिंकून आलेली टीम, आणि त्याच सीझनला पुढं युरोपच्या कप विनर्स कपच्या, म्हणजे देशोदेशीच्या कप जिंकलेल्या टीमच्या स्पर्धेच्या, फायनलला पोचलेली. बेरिक सेकंड डिव्हिजनला, म्हणजे तेव्हाच्या खालच्या लीगला. मैदानात १३,३६५ लोक, तिथं तेवढे परत कधी आले नाहीत. सॅमी रीडनं पहिल्या हाफमध्ये एक गोल मारला आणि त्यानंतर सगळा वेळ रेंजर्स चालून येतायत आणि वॉलेस अडवतोय. १-०. तिकडची माणसं अजून हा निकाल सांगताना आवाज खाली आणतात.

पुढं काय झालं ते ऐका, मला यातलं हेच सगळ्यात आवडतं. त्या पराभवाचा राग रेंजर्सनं दोन फॉरवर्डवर काढला, जिम फॉरेस्ट आणि जॉर्ज मॅक्लीन, दोघांना परत टीमसाठी खेळवलंच नाही. फॉरवर्डची जागा रिकामी, मग त्याच उन्हाळ्यात डनफर्मलिनचा एक गोल मारणारा फॉरवर्ड ६५,००० पौंडाला घेतला. त्याचं नाव अॅलेक्स फर्ग्युसन. हो, तोच, पुढं मँचेस्टर युनायटेडचा मॅनेजर झालेला. म्हणजे खालच्या लीगच्या एका कीपरनं शनिवारी दुपारी जे अडवलं त्याचा धक्का कुठवर गेला बघा.

आणि वॉलेसचं तरी काय झालं? लगेच कुणी डोक्यावर घेतलं नाही. आधी एडिनबर्गच्या हार्ट्स या टीमला ट्रेनिंग बघायला गेला, १९७० ला रेंजर्सनं कोच म्हणून बोलावलं, ज्यांना हरवलं त्यांनीच. मॅनेजर विली वॉडेल होता, वॉलेसनं पोरांची तयारी हातात घेतली. एडिनबर्गच्या पूर्वेला गलन म्हणून समुद्रकिनारा आहे, तिथल्या वाळूच्या टेकड्यांवर पोरांना चढवायचा-उतरवायचा, ओकेपर्यंत. १९७२ ला रेंजर्सनं बार्सिलोनात डायनॅमो मॉस्कोला ३-२ हरवून कप विनर्स कप जिंकला आणि त्यानंतर वॉलेस मॅनेजर झाला. सेल्टिक या ग्लासगोच्याच दुसऱ्या मोठ्या टीमनं ओळीनं नऊ वेळा लीग जिंकली होती, ती ओळ १९७५ ला वॉलेसच्या टीमनं तोडली. १९७६ ला आणि १९७८ ला लीग, स्कॉटिश कप आणि लीग कप तिन्ही. आणि १९७८ ला तिन्ही जिंकून महिना झाला नाही तोवर राजीनामा देऊन इंग्लंडच्या लेस्टर या टीमला गेला. तिथं १९७९ च्या १ जानेवारीला एका १८ वर्षांच्या पोराला पहिली मॅच दिली, पुढं इंग्लंडचा मोठा फॉरवर्ड झालेला गॅरी लिनेकर.

फर्ग्युसनची पण एक गोष्ट सांगतो कारण ती गोलकीपरशीच संबंधित आहे. १९७४ ला त्यानं ईस्ट स्टर्लिंगशायर ही अगदी खालची टीम घेतली, पार्टटाइम, आठवड्याला ४० पौंड, तर तिथं टीममध्ये गोलकीपरच नव्हता. पहिलं काम काय तर कीपर शोधणं. पुढं तो सेंट मिरेन या टीमचा मॅनेजर झाला, त्यांनी १९७८ ला त्याला काढून टाकलं, आणि पाच वर्षांनी १९८३ ला तो अॅबर्डीनला घेऊन रेआल माद्रिदला हरवत होता.

तर चहाच्या गाड्यावरच्या माणसाला सांग, जॉक वॉलेस कोण ते आधी बघून ये.

कृष्णाकाठ_सांगली

सगळं वाचलं, आवडलं पण. तरी मी थोडं वेगळं बोलणार आहे, राग मानू नका, मला या भावाची काळजी वाटते म्हणून लिहितोय.

वॉलेस, फर्ग्युसन ही जी नावं आपण घेतोय ती टिकून राहिलेली नावं आहेत. त्यांच्याबरोबरच खालच्या लीगमधनं मॅनेजर झालेले शेकडो असतील जे दोन वर्षांत घरी बसले. तिकडं आता खालनं दार पण उघडं आहे. २०१४-१५ पासनं लीग टूच्या तळाच्या टीमला खालच्या लीगच्या विजेत्याशी खेळावं लागतं, हरली की ४२ मधनं बाहेर. फर्ग्युसनचं ईस्ट स्टर्लिंगशायर २०१६ ला गेलं, वॉलेसचं बेरिक २०१९ ला, ब्रेकिन २०२१ ला, काउडनबीथ २०२२ ला. जॉक स्टीन, ज्यानं सेल्टिकला १९६७ ला युरोपियन कप जिंकून दिला, तो ज्या अल्बियन रोव्हर्सला खेळायला लागला, कोळशाच्या खाणीत काम करत करत, ती टीम २०२३ ला बाहेर पडली. शंभराहून जास्त वर्षांची नावं आहेत ही.

आणि तरी त्यांच्याकडं शिडी आहे. खालनं वर जायची पायरी आहे, पगार थोडा का होईना आहे. आपल्याकडं सांगलीत वर्षाला दोन-चार स्पर्धा, त्या पण पावसावर आणि देणगीवर. मी स्वतः सहा वर्षं एका टीमचं काम बघितलं, खिशातनं पैसे घातले, पोरांच्या बुटाला, रिक्षाला, आणि शेवटी एका स्पर्धेच्या आयोजकांनी बक्षिसाची रक्कमच दिली नाही, तेव्हा पोरांना तोंड कसं दाखवायचं हे कळेना. घरात भांडणं झाली. माझी चूक अशी की कुणाला हिशोब सांगितला नव्हता.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, टीम घे, पण नोकरीला धक्का लावू नको आणि पहिल्या दिवसापासनं वही ठेव. वर्गणी किती, बॉल किती, कोण देणं लागतो, सगळं लिहून पोरांच्या समोर ठेव. वॉलेससुद्धा बेरिकहून थेट रेंजर्सचा मॅनेजर झाला नाही हे वर लिहिलंयच, मधली काही वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली काम केलं. ती वर्षं कुणी बघत नाही.

कबुतरवाला_मिरज

मला फुटबॉलचं फार कळत नाही पण माझी कबुतरं आहेत, त्यामुळं जॉन लँबी माहीत आहे. पार्टिक थिसलचा मॅनेजर, कबुतरांचा भारी शौकीन. फॉल्कर्क आणि सेंट जॉनस्टनला खेळला, मग हॅमिल्टन आणि पार्टिकला मॅनेजर. १९८७ च्या जानेवारीत त्याच्या हॅमिल्टननं रेंजर्सला त्यांच्याच इब्रॉक्सवर कपमध्ये १-० हरवलं, एड्रियन स्प्रॉटचा गोल, आणि हॅमिल्टन तेव्हा लीगच्या तळाला होतं. याच लँबीच्या एका फॉरवर्डच्या डोक्याला मार लागला, फिजिओ येऊन म्हणाला त्याला आपण कोण तेच आठवत नाही, तर हा म्हणाला त्याला सांग तू पेले आहेस आणि परत आत पाठव. आता डोक्याच्या दुखापतीला असं कुणी करू नये, पोराला बाहेरच काढायचं. पण माणूस कसा होता ते कळावं म्हणून सांगितलं.

मी दुकानातनं दोन बॉल देतो, पोरांना. कुठं भेटायचं ते सांग.

साताऱ्याच्या_पीटी_मॅडम

मी साताऱ्यात शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते, मुलींची आणि मुलांची दोन्ही फुटबॉल टीम सांभाळते, सुब्रतो कप या शालेय स्पर्धेसाठी दरवर्षी घेऊन जाते. मी स्वतः खो-खो खेळलेली, फुटबॉल एकही मॅच खेळलेली नाही. आधी हे सांगून टाकते म्हणजे पुढचं तुम्ही कसं घ्यायचं ते ठरवता येईल.

वाळूच्या टेकडीचं वाचून मला धडकी भरली. गोलकीपर भाऊ, तुमच्याकडं १४-१५ ची मुलं आहेत. कृष्णेच्या काठाला वाळू दिसली म्हणून त्यांना कृपा करून ओकेपर्यंत पळवू नका. त्या वयात हाडं वाढत असतात, गुडघ्याच्या खाली जिथं स्नायूचा दोर हाडाला जोडलेला असतो तिथं ओढ बसून सूज येते, मुलं महिना-महिना लंगडतात. आमच्याकडं यवतेश्वरचा घाट आहे, इथले उत्साही लोक मुलांना रोज घाट चढवतात आणि जूनपर्यंत अर्धी मुलं दुखणं घेऊन बसलेली असतात. वॉलेसकडं पूर्ण वाढलेली, पगारी, जेवणखाण नीट असलेली माणसं होती. तुमचा मुलगा अडतीवर पोती उचलून येतो. त्याचा व्यायाम तुमच्याकडं यायच्या आधीच झालेला असतो. त्याला बॉल द्या, लहान मैदानात सात-सात जण खेळवा, दम आपोआप वाढतो.

दुसरं बेंचबद्दल. तुम्ही दोन सीझन बेंचवर बसलात म्हणजे कोल्हापूरच्या चांगल्या टीमच्या सगळ्या मॅच तुम्ही बाहेरनं, शांत बसून, कोचच्या शेजारी बसून बघितल्या. आतला खेळाडू बॉल बघतो. तुम्ही कोच कधी चिडतो, कुणाला काय बोलतो, बदली कधी करतो, हाफटाइमला काय सांगतो हे सगळं ऐकलंय. आणि बाकीची अकरा वर्षं गोलमध्ये उभं राहून समोरचे वीस जण एकाच नजरेत बघितलेत. मी तुमच्या जागी असते तर एक वही घेऊन त्या दोन सीझनमधलं आठवेल ते सगळं लिहून काढलं असतं. त्या कोचनं काय बरोबर केलं, आणि दुसऱ्या कीपरशी तो कसा वागला तेही. तुमच्या १९ मध्ये पण आठ जण रोज बेंचवर बसणार आहेत, त्यांना काय वाटतं हे या सगळ्या मैदानावर तुमच्याइतकं कुणालाच माहीत नाही.

तिसरं, ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशनचं कोचिंगचं डी लायसन्स करा. आपल्याकडं ते राज्य संघटनेच्या मार्फत, विफाच्या मार्फत होतं. त्याच्यावर सी, बी, ए, प्रो अशा पायऱ्या आहेत. कोर्समध्ये मैदानावर मुलांना शिकवून दाखवावं लागतं आणि ते बघून मार्क मिळतात, तुम्ही किती मोठं खेळलात ते तिथं विचारत नाहीत. मी केलं तेव्हा माझ्या बॅचला मोठ्या टीमला खेळलेले दोघे होते, एकाला मुलांसमोर उभं राहून दोन वाक्यं नीट बोलता येईनात. मी रोज चाळीस मुलांसमोर उभी राहते, मला ते सोपं गेलं.

आणि जिम लीशमनबद्दल वाचा. डनफर्मलिनला खेळायचा, तरुणपणीच पाय मोडला, पुढं खेळाडू म्हणून परत तसा उभा राहिला नाही. १९८३ ला त्याच डनफर्मलिनचा मॅनेजर झाला, १९८६ ला आणि १९८७ ला ओळीनं दोनदा टीम वर चढवली, खालनं थेट प्रीमियरला. मॅचच्या दिवशी कविता करायचा. नंतर त्याच भागाचा, फाइफचा प्रोव्होस्ट झाला, आपल्याकडच्या महापौरासारखं पद, २०१२ ते २०२२. पाय मोडलेल्या माणसाला त्या गावानं सोडलं नाही आणि त्यानंही गावाला सोडलं नाही.

शाहू_स्टेडियम_गॅलरी

मॅडमचं वाळूबद्दलचं मान्य. मी लिहिताना कौतुकाच्या भरात लिहिलं, १४ च्या पोरांचा विचार केला नव्हता. त्या काळी तिकडं सुद्धा वॉलेसच्या टेकडीबद्दल दोन मतं होतीच. पण एक आहे, लोकांना टेकडीच लक्षात राहिली आणि वॉलेस गोलमध्ये उभं राहून मागनं टीमला जागा दाखवायचा, ओरडून लाइन सरळ करायचा ते विसरलं गेलं. ते मात्र घेण्यासारखं आहे, आणि त्याला गुडघा लागत नाही, नुसता गळा लागतो.

मिरजेचा_गोलकीपर

काय बोलू मंडळी. नाइटला होतो, डबा खाताना सगळं वाचलं, परत दोनदा वाचलं.

मॅडम, तुमचं बेंचचं वाचून हात थांबला. खरंय ते. कोल्हापुरात तो जो कोच होता तो दोन सीझनमध्ये माझ्याशी मोजून चार-पाच वेळा बोलला असेल. पण एकदा प्रॅक्टिस संपल्यावर सगळे गेले आणि त्यानं मला एकट्याला थांबवून अर्धा तास क्रॉस मारले, डावीकडनं, उजवीकडनं, अंधार पडेपर्यंत. का ते सांगितलं नाही. पुढच्या मॅचला पण मी बेंचवरच होतो. तरी तो अर्धा तास मला त्या दोन वर्षांतला सगळ्यात चांगला वाटतो. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही, वहीत पहिलं तेच लिहिलंय.

कृष्णाकाठ दादा, हिशोबाची वही पण वेगळी केली. पहिल्या पानावर वर्गणी महिन्याला ५० रुपये, ज्याला जमत नाही त्यानं नेट बांधायचं-सोडायचं काम करायचं, असं पोरांनीच ठरवलं.

प्रॅक्टिस मंगळवार आणि गुरुवार संध्याकाळी सात ते साडेआठ. कराडच्या भावानं दोन संध्याकाळचं सांगितलं म्हणून नाही, गॅरेजवाल्या पोरांना सहाच्या आत सोडतच नाहीत म्हणून. शनिवारी मॅच खेळवायची आपापसात. माझी सेकंड शिफ्ट असेल त्या आठवड्यात मात्र मला संध्याकाळी यायला जमणार नाही, त्यावर काय करायचं ते सुचत नाही अजून. मोठ्या पोरांतला एक जण आहे, २१ चा, कीपरच आहे आणि बारकी पोरं त्याचं ऐकतात. त्याच्या हातात दिलं तर चालेल का?

साताऱ्याच्या_पीटी_मॅडम

चालेल, उलट द्याच. पण आदल्या दिवशी काय घ्यायचं ते त्याच्याबरोबर बसून लिहून द्या आणि नंतर काय झालं ते त्याच्याकडनं ऐका, तो बोलताना मधे बोलू नका. मुलं कमी आली तर त्याच्यावर चिडू नका. आणि पाण्याची सोय, प्रथमोपचाराची पेटी, पालकांचे नंबर हे त्याच्याकडं पण असू देत.

कराड_ते_अॅबर्डीन

मी गणपतीला घरी आहे, एक शनिवार मिरजेला येतो. माझ्याकडं आर्ब्रोथचा एक मरून रंगाचा स्कार्फ आहे तो पोरांना दाखवायला आणीन. प्रॅक्टिसला खुणेचे कोन आणि टीम ओळखायचे बिब्स लागतील ना? बॉल पण आणतो, साइज ४ की ५ ते सांग.

मिरजेचा_गोलकीपर

५. चौदाच्या खालचं कोण नाही. बिब्स दहा असले तरी पुरे, दोन रंगाचे नकोत, एकाच रंगाचे आण. स्टेशनवर उतरलास की फोन कर, मी गाडी घेऊन येतो. कबुतरवाल्या दादांचे बॉल आलेत कालच, एकात हवा कमी आहे, पंप शोधतोय.